घट नाही, असं केव्हा म्हणता येतं? पेण-रोह्याच्या खाडीपट्ट्यात पुरातत्त्व संशोधनाची आखणी



रायगड जिल्ह्याचा इतिहास म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. डोंगर, त्यावर किल्ला, किल्ल्याची तटबंदी. १९८१ सालापर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, आणि कुलाबा हा अलिबागसमोरचा पाण्यातला किल्ला. म्हणजे जिल्ह्याचं नाव पाण्यातून उठलं आणि डोंगरावर जाऊन बसलं. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. फक्त आजचा तासभर आपण मान खाली घालून चिखलाकडे बघायचं आहे.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेकडून पाताळगंगा येते, पेण शहराला लागून भोगावती येते, पालीकडून नागोठण्यावरून अंबा येते. या तिघींचं पाणी धरमतरच्या खाडीत जातं. दक्षिणेला कुंडलिका. ती कोलाड, रोहा करत रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते, उत्तरेला चौल-रेवदंडा आणि दक्षिणेला कोर्लई ठेवून. पेण आणि रोहा हे दोन तालुके म्हणजे या नद्यांच्या मुखांचा, खाड्यांचा, खाजणांचा प्रदेश. सह्याद्री पाठीशी, समुद्र थोडा पलीकडे, आणि मध्ये दिवसातून दोनदा चढणारं-उतरणारं पाणी.

आता या प्रदेशात पुरातत्त्वाचं काम करायचं ठरवलं तर ते आखायचं कसं? आम्ही मूळचे तत्त्वज्ञानाचे. कुदळ-फावड्याचे नाही. पण आखणी म्हणजे शेवटी काय? कशाला पुरावा म्हणायचं, आणि पुरावा नसला तर त्यातून काय निष्पन्न होतं, याचा विचार. तो आमच्या दुकानातला माल आहे.

प्रथम जे माहीत आहे ते बघू. चौल प्रसिद्ध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणनंतरचं बंदर म्हणून 'सेमिल्ला' येतं, टॉलेमीकडे 'सिमिल्ला' येतं, कान्हेरीच्या लेखांत चेमुल्याचे दाते येतात, आणि दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल्-मसूदी 'सैमूर'ला येऊन तिथल्या मुसलमान वस्तीचं वर्णन करून जातो. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांचे सहकारी यांनी चौलला उत्खनन केलं आणि सातवाहन काळापर्यंत मागे जाणारं बंदर जमिनीतून दाखवून दिलं. ही एक बाजू. दुसरी बाजू सह्याद्रीची. अंबेच्या उगमाकडच्या डोंगरांत ठाणाळे आणि खडसांबळे इथे बौद्ध लेणी आहेत, आणि घाट चढून वर गेलं की भाजे, कार्ले. दक्षिणेला पुढच्या खाडीवर, मांदाडजवळ, कुडा लेणी.

म्हणजे खाली बंदर, वर लेणी, त्याही वर देश. माल बंदरातून वर गेला आणि वरून बंदरात आला, हे उघड आहे. गेला कुठून? पेण-रोह्यातून. तिथे नकाशावर काय आहे? जवळपास काही नाही. चौलला भरगच्च ठिपके, घाटमाथ्याला भरगच्च ठिपके, मध्ये कोरं. मग सोपं उत्तर तयार असतं की मध्ये काही महत्त्वाचं नव्हतं, नुसती वाट होती.

इथे आपल्याकडच्या प्रमाणशास्त्राची मदत घेऊ. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि पुढे वेदान्त्यांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. वस्तू दिसत नाही, यावरून ती नाही हे कळतं. नेहमीचं उदाहरण काय, तर जमिनीवर घट नाही. बघा, उदाहरणसुद्धा मडक्याचंच आहे! पण त्यांनी एक अट घातली. साधी अनुपलब्धी चालणार नाही, 'योग्य' अनुपलब्धी पाहिजे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. लख्ख उजेड आहे, डोळे धड आहेत, मध्ये आडोसा नाही, आणि तरी घट दिसत नाही, तर तो नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणणारा मनुष्य आपलं अज्ञान जगाच्या माथी मारत असतो.

पेण-रोह्याचा खाडीपट्टा ही ती अंधारी खोली आहे.

देशावर गावाशेजारी पांढरीचं टेकाड असतं. मातीच्या घरांवर घरं बसून शतकानुशतकं उंच होत गेलेलं. शेतकरी ती माती खत म्हणून खणून नेतो आणि खापरं, मणी वर येतात. कोकणात ती सोय नाही. कुडाची, लाकडाची, गवती छपरांची घरं, आणि वर कोसळणारा पाऊस. टेकाड उभं राहतच नाही. खाडीपट्ट्यात त्यात भर म्हणून गाळ येतो. नदी सह्याद्रीवरून माती आणते, भरती ती मागे ढकलते, आणि दोघींच्या भांडणात ती तळाशी बसते. जुना धक्का, जुनी वखार, फुटलेला मचवा तिथे असलाच तर गाळाखाली असणार, शेताच्या वर नाही. शेतातून चालत जाऊन वरवर खापरं गोळा करायची, ही देशावरची पद्धत इथे तशीच वापरली तर हाती लागणारा नकाशा हा वस्तीचा नकाशा नसेल. तो गाळ कुठे पातळ आहे याचा नकाशा असेल.

म्हणून आखणीतला पहिला नकाशा वेगळाच काढावा लागेल. कुठे काय सापडलं याचा तो नव्हे. कुठे काही असतं तर ते दिसलं असतं आणि कुठे दिसलं नसतं, याचा. डोंगराचा उतार आणि वरकस जमीन, तिथे दिसेल, पण माती वाहून गेलेली. डोंगरपायथ्याची जुनी गावठाणं, तिथे असेल, पण त्यावर आजची घरं. बांधाच्या आतली खारजमीन, तिथे वर काही दिसणार नाही, खाली असू शकेल. बांधाबाहेरचा चिखल आणि कांदळवन, तिथे ओहोटीच्या वेळी कापलेल्या काठात दिसलं तर दिसेल. चार प्रकारच्या जमिनींत 'काही नाही' या शब्दांचे चार वेगळे अर्थ आहेत. अहवालात ते वेगळे लिहिले पाहिजेत. इतकं एक केलं तरी निम्मा गोंधळ मिटेल.

आता शोधायचं काय? इंग्लंडमध्ये कॉलिंगवूड म्हणून एक गृहस्थ होऊन गेले, ऑक्सफर्डला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि रोमन ब्रिटनचे पुरातत्त्वज्ञ. आमच्या जातकुळीतले म्हणून थोडं प्रेम जास्त. त्यांचा आग्रह होता की प्रश्न घेतल्याशिवाय खणू नये. हेड्रियनची भिंत ही लढायची तटबंदी नसून पहाऱ्याची उंच वाट असावी असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न केला. भिंत पश्चिमेला सॉल्वेच्या खाडीशी संपते. पहाराच असेल तर तो खाडीकाठाने पुढेही चालू राहायला हवा, नाहीतर शत्रू होडीतून येईल. मग किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज असले पाहिजेत. जुनी प्रकाशनं चाळली तर असे बुरूज पूर्वी सापडलेले होते आणि लोक ते विसरून गेले होते, कारण त्यांचं प्रयोजन कुणाला कळलं नव्हतं. ते दिसले होते, पण प्रश्न नव्हता म्हणून त्यांचा पुरावा झाला नव्हता.

तसा आपला प्रश्न कोणता? आमच्या मते तो असा की पाणी कुठवर होतं.

फार साधा वाटतो, पण त्यात सगळं येतं. खाडीत बंदर तिथे होतं जिथे भरती गलबताला आणून सोडते. पेणचं बंदर पेणला नव्हतं, अंतोऱ्याला होतं. अंबेवर भरतीच्या टोकाला नागोठणं आहे. कुंडलिकेवर रोहा आणि समोर अष्टमी. आज ज्यांना आपण तालुक्याची गावं म्हणतो ती खरं तर भरतीची शेवटची थांबायची ठिकाणं. इथे माल पडावातून उतरून बैलाच्या पाठीवर चढायचा. नागोठण्याचा जुना दगडी पूल बघा. कुलाबा जिल्ह्याचं १८८३ सालचं गॅझेटिअर सांगतं की तो १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अल्लाउद्दीनने बांधला. नागोठण्यात पूल बांधायला चौलचा माणूस पैसे का घालतो? चौलचं पोट नागोठण्यावर अवलंबून होतं म्हणून. सोळाव्या शतकाचं हे नातं आपल्याला दगडात दिसतं. पहिल्या शतकात ते कुठे दिसावं? तेव्हा भरती कदाचित नागोठण्याच्याही वर चढत असेल, नाहीतर बरीच खालीच थांबत असेल. जिथे थांबत असेल तिथे शोधलं पाहिजे, आजच्या बंदराच्या पायरीवर नव्हे.

आणि आजची नदी पाहून कालच्या नदीचा अंदाज बांधू नये. कुंडलिकेचंच घ्या. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. मुळशीचं पाणी, जे पूर्वेला भीमेकडे जायचं, ते सह्याद्री उतरून कुंडलिकेत यायला लागलं. कोलाडला आज मुलं उन्हाळ्यात रबरी होड्यांतून उड्या मारत जातात ना, ते पाणी मुळशीच्या विस्थापितांच्या गावांवरून आलेलं असतं. (सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवा.) म्हणजे रोह्याशी गोडं पाणी किती आणि खारं किती, हा हिशेब शंभर वर्षांत बदललेला आहे. प्राचीन काळचा हिशेब मांडायचा तर आधी हे वजा करावं लागेल.

पाणी कुठवर होतं हे ठरवायला निसर्गाइतकाच माणूस कारण आहे, आणि इथे खरा गाभा येतो. पेणच्या पश्चिमेला वाशी, वढाव, शिर्की, बोर्झे या बाजूला गेलात तर भाताची सपाट खाचरं लागतात. ती जमीन नैसर्गिक नाही. ती समुद्राकडून घेतलेली आहे. खाजणात बांध घालायचा, उघाडी बसवायची म्हणजे ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाईल आणि भरतीचं आत येणार नाही, मग काही पावसाळे मीठ धुऊन जायची वाट बघायची, मग भात. कुलाबा गॅझेटिअरमध्ये या भागातल्या शिलोत्री जमिनींची माहिती आहे. बाहेरचे बांध घालणारे शिलोत्रीदार आणि बांध राखण्यासाठी भाताच्या रूपाने घेतला जाणारा आकार. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला, पण बांध त्याच्या कितीतरी आधीचे.

किती आधीचे? हेच कुणाला ठाऊक नाही. आमच्या मते पेण-रोह्यातलं सर्वांत मोठं पुरातत्त्वीय अवशेष म्हणजे हे बांध. मैलोगणती लांब, डोळ्यांसमोर, आणि एकाही संरक्षित स्मारकांच्या यादीत नाहीत. मंदिर पडलं तर बातमी होते. उधाणाला बांधाला खांड गेली तर तलाठी पंचनामा करतो. बस.

या प्रश्नाला आज एक धार आहे. महामुंबई सेझचे दिवस इथल्या लोकांना आठवतात. तेव्हा ही जमीन खारपड, कमी प्रतीची, असा युक्तिवाद वारंवार ऐकू यायचा. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. आणि आता उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नवनगराची अधिसूचना निघालेली आहे. त्यावर मत ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही इतकंच म्हणू की खाजणावर शहर उभं राहतं ते भराव टाकून. भराव पडला की खालचा गाळ, बांध, उघाड्यांची जुनी तोंडं, सगळं कायमचं झाकलं जातं. आणि 'ही जमीन कुणी केली' या प्रश्नाचा मातीतला पुरावा त्याबरोबर जातो. आगऱ्यांच्या किती पिढ्यांची मेहनत त्यात आहे, हे कागदावर सांगायला सातबारा फार तोकडा आहे. बांधाचं वय काढता आलं तर ते सांगता येईल.

काढता येतं का? येतं, पण सरळ नाही. बांधाची दर वर्षी डागडुजी होते. त्यामुळे वरचा थर कालचा आणि गाभा जुना. गाभा बघायला बांध फोडायची गरज नाही, आणि कुणी शेतकरी फोडूही देणार नाही. उधाणाने खांड पाडली की समुद्रानेच आपल्याला छेद कापून दिलेला असतो. दुरुस्ती व्हायच्या आत, दोन ओहोट्यांत, तो साफ करून मोजून घ्यायचा. आतले शिंपले, कोळसा, भाताचं तूस कार्बन कालमापनासाठी घ्यायचं. शिंपल्यात एक मेख आहे. समुद्रातल्या जिवांत जुना कार्बन मिसळलेला असतो, म्हणून त्यांचं वय खऱ्यापेक्षा शेकडो वर्षं जास्त निघतं. ती दुरुस्ती न करता कुणी 'हजार वर्षांचा बांध' जाहीर केला तर वर्तमानपत्रात छापून येईल, पण टिकणार नाही.

बांधाच्या आत हाताने फिरवायच्या गिरमिटाने मातीचे उभे नमुने काढायचे. डोंगरपायथ्यापासून खाडीपर्यंत सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर. त्या मातीत सूक्ष्म जिवांची कवचं असतात, खाऱ्या पाण्यातली वेगळी आणि गोड्यातली वेगळी. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की कुठल्या थरात समुद्र होता आणि कुठे शेत झालं हे कळतं. जिथे खारं थांबून गोडं सुरू होतं, तो बांधाचा जन्मदिवस. हे काम उत्खननाच्या मानाने स्वस्त आहे, जमीन खराब होत नाही, आणि आमच्या महाविद्यालयांतली प्राणिशास्त्राची मुलं ते शिकू शकतात.

दुसरा धागा दगडांचा. शिलाहार काळातले गद्धेगाळ या जिल्ह्यात जागोजाग आहेत, दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेले दगड. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख सगळ्यांना माहीत आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा, आणि त्या वाचनावर वाद आहे. भाषेच्या अभ्यासकांनी या दगडांवर अक्षरं वाचली. आपण त्यांची उंची मोजू. जमीन दान दिली याचा अर्थ ती त्या काळी पिकत होती, निदान पाण्याबाहेर होती. दगड मूळ जागी असेल तर तो पाण्याची सीमा सांगतो. बहुतेक दगड उचलून देवळात नेलेले असतात, ही अडचण आहे. पण कुठल्या शेतातून आणला हे म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं, आणि ती माणसं झपाट्याने कमी होत आहेत.

फसण्याच्या जागाही आखणीत लिहून ठेवाव्यात. वरकस जमिनीवर राब भाजतात. पालापाचोळा, गोवऱ्या पसरून पेरणीआधी जाळतात. त्याचे भाजक्या मातीचे आणि कोळशाचे थर जुन्या चुलीसारखे दिसतात. बांधासाठी माती खाडीच्या बाजूने काढून वर टाकतात, तेव्हा खालचं खापर वर येतं आणि क्रम उलटा होतो. आणि पेण म्हणजे गणपतींचं गाव. हमरापूर, जोहे या बाजूला मातीचा तुकडा उचलून फार आनंदून जाऊ नये. शुद्ध खूण म्हणून जे धरायचं ते बाहेरून आलेलं खापर. इराणच्या आखाताकडची निळी-हिरवी झिलईची भांडी, चिनी मातीची फुटकी भांडी, लांबट बुडाचे डांबर लावलेले रांजण. अशी भांडी खाडीच्या टोकाला सापडली तर ती पाण्यानेच आली असणार.

राहिली माणसं. सेझनंतर या गावांत कुणी टेप घेऊन शेतात उभा राहिला की लोक जमतात, आणि त्यांनी जमावंच. तेव्हा परवानग्यांचा क्रम आम्ही उलटा धरू. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, कांदळवनात जायचं तर वनविभागाला विचारावं लागतं, ते सगळं आहेच. पण पहिली बैठक गावकीत. काय बघणार, काय नेणार, काय परत देणार, हे मराठीत लिहून द्यायचं. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा गाडलेला ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं. त्या धास्तीने नांगराला लागलेलं नाणं माळ्यावर जातं आणि तोंडं मिटतात. आपण वस्तू मागणार नाही, फक्त जागा दाखवा असं सांगितलं, तर बरंच कळेल असा आमचा अंदाज आहे. उघाडी, खांड, भांगाची भरती हे शब्द ज्यांच्या तोंडात आहेत, त्यांना भूगर्भाची अर्धी माहिती आहे. जिताडा कुठल्या तळ्यात चढतो हे सांगणारा कोळी भरतीची रेषा सांगत असतो.

तेव्हा पहिल्या हंगामाचा बेत असा. भाताची कापणी झाली, दिवाळी आटोपली की सुरुवात. एकही चर खणायचा नाही. पेण तालुक्यात भोगावतीवर अंतोऱ्यापासून खाली एक पट्टा, रोहा तालुक्यात अंबेवर नागोठण्यापासून खाली दुसरा, आणि कुंडलिकेवर अष्टमीपासून तिसरा. जुने मोजणी-नकाशे आणि १९६० च्या दशकातली अमेरिकी हेर-उपग्रहांची छायाचित्रं, जी आता खुली झाली आहेत, ती शेजारी ठेवून प्रत्येक बांध चालत जायचा. बांधाला नाव असतं, ते विचारायचं. फाल्गुनात जमीन भेगाळली की भेगांतून खालचे थर दिसतात, तेव्हा गिरमिटाची रेषा मारायची. पावसाळ्यात काम बंद, पण उधाणाच्या तिथ्या पंचांगात लाल करून ठेवायच्या आणि दोन मुलं मोटारसायकलसह तयार ठेवायची. खांड कुठे गेली याचा फोन गावातून येईल, आणि त्यानंतर हातात असतील ते सहा तास.

प्रश्न असतील तर विचारा. अंतोऱ्याचं कुणी बसलं असेल तर आधी त्यांनी बोलावं.